केर आधी, कुलूप मग

गेल्या रविवारी आत्याच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोन तास जे चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही. पण चहा दोनदा गरम करावा लागला, एवढं खरं.

आत्या बँकेतून निवृत्त झालेली. बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची बारा तिजोरीच्या किल्लीसकट. एकटीच राहते. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून तिला वाकून केर काढणं जमत नाही. २०२० च्या टाळेबंदीत कामाच्या मावशी यायच्या थांबल्या, तेव्हा तिनं फरशीवर फिरणारा रोबो व्हॅक्यूम घेतला. पुढे मावशी परत आल्या, पण तोही राहिला. मावशींकडे भांडी आणि लादी, त्याच्याकडे केर, अशी वाटणी झाली. आत्या त्याला गोट्या म्हणते.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, नाशिकला घरांना आणि दुकानांना अलार्म, सीसीटीव्ही बसवून देतो. आत्या महिनाभर लेकीकडे बेंगळुरूला निघाली होती. ‘बंद फ्लॅट फोडला’ छापाच्या बातम्या वाचून तिनंच त्याला बोलावून घेतलं. मुख्य दाराला आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराला चुंबकाचे सेन्सर, हॉलच्या कोपऱ्यात एक आणि पॅसेजमध्ये एक मोशन सेन्सर, दाराशेजारी पॅनल, वर हूटर. शेवटचा स्क्रू पिळून दादा शिडीवरून उतरला आणि आत्यानं विषय काढला.

आत्या : आता गोट्याचं सांग. समोरच्या प्लॉटवर बांधकाम चाललंय, खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवून बघ. महिन्यानं आले की घरात शेती करता येईल. म्हणून त्याला रोज सकाळी अकराची वेळ लावून जाणार आहे. तो केर काढेल, तुझा अलार्म राखण करेल. दोघं एकमेकांना सोबत.

दादा : नाही आत्या. अलार्म चालू असताना घरात काहीही हलायचं नाही. माझा पहिला नियम.

आत्या : मग तुझा राखणदार कसला रे हा? आमच्या शाखेचा बंदूकवाला रोज सकाळी झाडूवाल्याला आत सोडायचा. त्यानं कधी त्याच्यावर बंदूक नाही रोखली.

दादा : तो माणसं ओळखायचा. हा ओळखत नाही. दाराचा चुंबक सरळ असतो, दार उघडलं की वाजला. १८५३ साली अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी चोरघंटेचं पेटंट घेतलं तेही याच धर्तीचं. दार-खिडकी उघडली की विजेचं सर्किट जुळायचं आणि घंटा वाजायची. त्याचं गोट्याशी काही वाकडं नाही. प्रश्न आहे तो कोपऱ्यातल्या या पांढऱ्या डबीचा.

आत्या : तिला काय दिसतं?

दादा : फक्त ऊब, आणि तीही हलणारी. याला पीआयआर म्हणतात. ही डबी स्वतः काही सोडत नाही, नुसती बघत बसते. तोंडावर दुधी प्लास्टिक आहे ना, त्यात बारीक बारीक भिंगं कोरलेली असतात. त्यामुळे तिच्या नजरेत खोलीच्या फाका पडतात, कलिंगडाच्या पडतात तशा. माणसाच्या अंगातून सतत अवरक्त किरणं निघतात, साधारण नऊ-दहा मायक्रोमीटर लांबीची. माणूस एका फाकेतून दुसरीत गेला की आतल्या सेन्सरवर उबेचा चढउतार होतो. तो चढउतार म्हणजे ‘कोणीतरी आहे’.

आत्या : म्हणजे नुसतं हलून भागत नाही, अंग गरम पाहिजे.

दादा : भोवतालच्या भिंती-फरशीपेक्षा वेगळं पाहिजे. हो.

आत्या : मग झालं की! गोट्याचं अंग फरशीइतकंच गार. तूच तुझा नियम मोडलास.

दादा : थांब. मी कुठे म्हटलं की तो सेन्सरला दिसतो? बहुतेक वेळा नाहीच दिसत. उंची दहा सेंटिमीटर, वजन तीन-चार किलो. आता तर पाळीव प्राणी चालतील असे सेन्सर मिळतात. वीस-पंचवीस किलोपर्यंतचा कुत्रा फिरला तरी गप्प बसतात. कुत्रा सोफ्यावर चढला तर मात्र ते फसतात. गोट्या बिचारा सोफ्यावरही चढत नाही.

आत्या : मागे वाचलं होतं, अमेरिकेत पोलिसांनी म्हणे अशाच एका झाडूला घेरलं होतं.

दादा : ओरेगनमध्ये, बीव्हर्टनला. २०१९ चा एप्रिल. बंद बाथरूमच्या दाराखाली सावली हलतेय, आतून खुडबुड ऐकू येतेय, म्हणून फोन गेला. शेरीफचे लोक कुत्रा घेऊन आले, बाहेर ये म्हणून आवाज दिले, शेवटी बंदुका रोखून दार उघडलं. आत रूम्बा. आत अडकला होता आणि सुटायला धडपडत होता.

आत्या : बघ, तिथे फसला तो माणूस. ही डबी असती तर शांत बसली असती.

दादा हसला, पण हरला नाही. पॅनलवर दोन बटणं दाबून त्यानं सिस्टीम टेस्टवर टाकली. आता हूटर वाजणार नव्हता. सेन्सरला काही दिसलं तर डबीतला बारीक लाल दिवा तेवढा लागणार होता. तो स्वतः हॉलमधून आडवा चालत गेला. दुसऱ्या पावलाला दिवा लागला. मग तो म्हणाला, “आता सोड तुझ्या गोट्याला.”

गोट्या चार्जिंगच्या डॉकवरून मागे सरकला, स्वतःभोवती फिरला आणि भिंतीच्या कडेनं निघाला. टीपॉयचे चारही पाय हुंगून झाले. दिवा नाही. देवघरासमोरच्या पाटाला डोकं आपटून वळला. दिवा नाही. आत्या हाताची घडी घालून आमच्याकडे अशी बघत होती की पासबुकात चूक काढून दाखवा. पाच-सहा मिनिटांनी गोट्या बाल्कनीच्या दाराशी गेला. तिथला लांब पडदा फरशीवर लोळतो. त्याची कड गोट्याच्या ब्रशमध्ये गेली, गोट्यानं हिसका दिला, पडदा हातभर बाजूला ओढला गेला आणि दुपारच्या उन्हाचा पट्टा सोफ्यावर पडला. उन्हानं तापलेला पडदा दोन-तीनदा हेलकावला. वर, कोपऱ्यात, लाल दिवा लागला. पुन्हा लागला.

दादा : गोट्या दिसत नाही. गोट्यानं केलेलं दिसतं.

आत्या : पडद्याचा गुन्हा पोराच्या माथी मारू नकोस. पडदा वर बांधून ठेवीन.

दादा : आणि तो उभा दिवा? धक्का लागून पडला तर?

आत्या : बेडरूममध्ये ठेवीन आणि दार लावीन.

दादा : डॉक कुठे आहे बघ. बरोबर सेन्सरच्या खाली. काही सेन्सरना पायाखाली बघायलाही एक फाक असते, चोर भिंतीला चिकटून आला तर दिसावा म्हणून. गोट्या तासभर फिरून येतो तेव्हा त्याची मोटर आणि बॅटरी कोमट झालेली असते. त्या फाकेत तो सगळ्यात जवळ असतो.

आत्या : डॉक पलीकडच्या भिंतीला नेऊ. तू अडचणी मोज, मी उपाय मोजते. बघू कोण आधी थकतं.

दादा : बरं, मग मे महिन्याचं काय? आजीच्या अकोल्याच्या घरी मे महिन्यात बंद खोलीत किती असतं?

आत्या : चाळीस. चुलीजवळ बसल्यासारखं.

दादा : खोली माणसाच्या कातडीइतकी तापली की माणूस आणि भिंत यांच्यातला फरकच पुसट होतो. सेन्सरला दिसायचं कमी होतं. म्हणून चांगले सेन्सर उष्म्यात आपली नजर आपोआप तीक्ष्ण करतात. नजर तीक्ष्ण झाली की लहानसहान गोष्टींनाही दचकण्याची शक्यता वाढते. जानेवारीत तीस दिवस न वाजलेला अलार्म मे महिन्यात त्याच पडद्याला, त्याच गोट्याला वाजू शकतो. आजची चाचणी आजच्यापुरती.

आत्या जरा गप्प झाली. चहा पहिल्यांदा गरम झाला. घोट घेऊन ती पुन्हा सावरून बसली आणि बँकेत शिरली.

आत्या : आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असायच्या. एक माझ्याकडे, एक हेड कॅशियरकडे. माझी एकटीची किल्ली तिजोरी उघडायची नाही, त्याची एकट्याची उघडायची नाही. तुझा हूटर मात्र एका डबीच्या म्हणण्यावर बोंब ठोकतो. दुसऱ्या किल्लीची सोय का नाही केलीस?

दादा : (हात जोडून) केलीय कंपन्यांनी. ड्युअल सेन्सर म्हणतात. एकाच डबीत दोन डोळे. एक हाच, ऊब बघणारा. दुसरा मायक्रोवेव्हचा. तो स्वतः लहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरींची पट्टी बदलली का ते बघतो. अँब्युलन्स जवळ येताना भोंगा चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो, तसंच. या दुसऱ्या डोळ्याला गोट्या दिसू शकतो, कारण त्याला ऊब नको, हालचाल हवी. पण पहिला म्हणतो, ऊब नाही. दोघांचं एकमत झालं तरच हूटर.

आत्या : मग तो दुसरा एकटाच का नाही बसवत?

दादा : त्याची नजर पातळ भिंतीतून, काचेतून पलीकडे जाते. शेजारच्यांचा पंखाही त्याला चोर वाटेल. ऊब बघणाऱ्याला काचेपलीकडचं दिसत नाही. म्हणून दोघं एकमेकांना आवरतात. आणि चुका दोघांच्या वेगळ्या असल्यामुळे एकदम चुकत नाहीत सहसा.

आत्या : दोन किल्ल्यांचं तत्त्व. बसव मग हॉलमध्ये तो. जास्तीचे पैसे देते.

दादा : बसवतो. तरीही गोट्या बंद.

आत्या : का रे बाबा आता?

दादा : कारण माझी भीती सेन्सरची नाहीच. माझी भीती तुझी आहे.

इथे संवादाचा सूर बदलला. आतापर्यंत दोघं यंत्रांवरून बोलत होते.

दादा : अमेरिकेत २००२ मध्ये पोलीस सुमारे ३ कोटी ६० लाख वेळा अलार्म ऐकून धावले. खर्च अंदाजे १८० कोटी डॉलर. त्यातले शेकडा ९४ ते ९८ खोटे निघाले. ब्रिटनमध्ये तर बारा महिन्यांत तीन खोटे अलार्म गेले की पोलीस त्या घराच्या अलार्मला यायचंच बंद करतात. इथे आपल्याकडे कोण धावणार? खालचा वॉचमन. पहिल्यांदा तो जिना चढून येईल. दुसऱ्यांदा लिफ्टची वाट बघेल. तिसऱ्यांदा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकेल, ‘४०२ चा भोंगा परत वाजतोय’. चौथ्यांदा सेक्रेटरी तुला बेंगळुरूला फोन करून सांगतील, मॅडम, ते बंद करून टाका. तू काय करशील?

आत्या : ...

दादा : तू मोबाईलवरून हॉलचा झोन बायपासवर टाकशील, म्हणजे तिथला सेन्सर अलार्ममधून वगळशील. चारच दिवस, आल्यावर बघू म्हणून. आत्या, तुझी उंदरांची गोष्ट सांग ना हिला. मी ऐकलीय.

आत्यानं माझ्याकडे बघितलं. गोष्ट तिला सांगायची नव्हती, हे दिसत होतं, पण सांगितली.

आत्या : तालुक्याच्या गावी शाखा होती. स्ट्राँगरूमचा अलार्म रात्री-बेरात्री वाजायचा. पहिल्यांदा मी, कॅशियर, ठाण्याचे दोन हवालदार, सगळे रात्री दीडला हजर. सापडलं काय, तर वायरीवर दात मारणारा उंदीर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा हवालदारांनी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. मग आम्ही तो एक पॉइंट काढून ठेवला. रजिस्टरमध्ये माझ्याच हातची नोंद आहे, ‘तात्पुरता बंद’. पुढे इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी ती नोंद बघितली आणि तारीख मोजली. आठ महिने झाले होते. चोरी झाली नाही, काही नाही. पण ते एवढंच म्हणाले, मॅडम, तात्पुरता म्हणजे किती? आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

दादा : उंदीर तिजोरी नाही फोडत. पण तिजोरीचा डोळा तो तुमच्याच हातानं बंद करून घेतो. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे सर्व्हिसिंगला गेलो, हॉलचा झोन दीड वर्ष बायपासवर. का, तर नवा रोबो घेतल्यावर दोनदा वाजला होता. रोबो त्यांनी पुढे कोणाला तरी देऊनही टाकला होता. बायपास तसाच. रोज रात्री अलार्म लावून निर्धास्त झोपायचे.

मला वाटलं, इथे वाद संपला. पण आत्या बत्तीस वर्षं काउंटरच्या अलीकडे बसलेली बाई आहे.

आत्या : तुझं पटलं. आता माझंही ऐक. बँकेत एकदा फतवा निघाला, पासवर्ड दर पंधरा दिवसांनी बदला, जुन्यासारखा नको, लांबलचक हवा. झालं काय? सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिकटवला. न झेपणारा नियम माणसाला नियम मोडायला शिकवतो. घरात काही हलायचं नाही म्हणतोस. ज्यांच्याकडे मांजर आहे, रात्री चारदा उठणारे आजोबा आहेत, माझ्यासारखी गुडघेदुखीवाली बाई आहे, ती काय करतील? अलार्मच लावणार नाहीत. महागडी डबी भिंतीवर शोभेला. तुझ्या बायपासपेक्षा हे वाईट नाही का? तिथे निदान दारं तरी राखली जात होती.

दादा : (जरा थांबून) हे खरंय. मी बसवलेल्या निम्म्या सिस्टीम रोज लावल्या जात नसतील.

आत्या : मग रोजच्या जगण्याला जागा ठेवणारा नियम सांग.

दादा : पॅनलवर दोन बटणं आहेत. ‘अवे’ म्हणजे घर रिकामं, दारंही राखायची आणि आतली हालचालही. ‘स्टे’ म्हणजे नुसती दारं-खिडक्या राखायच्या, आतले मोशन सेन्सर झोपलेले. रात्री झोपताना तू ‘स्टे’ लावायचंच आहेस. तू अर्धा तास भाजीला गेलीस आणि गोट्या चालू असला, तरी ‘स्टे’ लावून जा. दारं राखली जातील, आत तो काय हवा तो धिंगाणा घालू दे. बायपास करायची वेळच येत नाही, कारण ‘स्टे’ तू रोज स्वतः निवडतेस. बायपासचं तसं नाही. तो एकदा टाकला की माणूस विसरून जातो.

आत्या : अर्ध्या तासाला चालतं, मग महिन्याला का नाही?

दादा : अर्ध्या तासात तू परत येतेस. महिनाभर आतले डोळे मिटून ठेवायचे, तेही फक्त केरासाठी? बाल्कनीची काच कापून कोणी आत आला तर दाराच्या चुंबकाला ते कळणारही नाही. दार उघडलंच नाही ना. मोशन सेन्सर असतो तो त्याच माणसासाठी.

चहा दुसऱ्यांदा गरम झाला. तेवढ्यात गोट्यानं काम अर्धवट टाकलं आणि मुकाट डॉकवर जाऊन बसला. आत्या म्हणाली, “बघ, झालं त्याचं. किती वेळ लागला? याच्यानंतर अलार्म लावायचा की झालं.” दादानं तिचा मोबाईल मागून घेतला आणि ॲप उघडून दाखवलं. काम झालेलं नव्हतं. बॅटरी संपत आली होती. चार्ज झाली की उरलेला भाग तो आपला आपण पूर्ण करणार होता.

दादा : दीड-दोन तासांनी हा स्वतःहून उठेल. तोवर तू कुलूप लावून स्टेशनवर पोचलेली असशील.

आत्या : हे मला माहीत नव्हतं.

दादा : गिऱ्हाइकांच्या रोबोच्या तक्रारींत हीच जास्त असते. ‘मी तर बंद झालेला बघून निघालो होतो’ म्हणतात. बरं, गोट्याला डोळा आहे का? कॅमेरा?

आत्या : नाही. डोक्यावर ती फिरणारी टोपी आहे तेवढी.

दादा : ते लायडर. लेझरनं अंतर मोजून घराचा नकाशा काढतो. २००२ मध्ये पहिला रूम्बा आला तेव्हा तो भिंतीला धडकून दिशा बदलायचा, बस. २०१५ च्या सुमारास त्याच कंपनीनं नकाशासाठी कॅमेरा दिला. आता काही रोबोंच्या जाहिरातीतच असतं, तुम्ही बाहेर असताना घरात फेरी मारून व्हिडिओ दाखवतो म्हणून.

आत्या : मग हे तर उत्तमच! केर काढणारा आणि गस्त घालणारा एकच. तुझा भिंतीवरचा कॅमेरा एका जागी बसतो. हा पलंगाखालीसुद्धा बघून येईल.

दादा : गस्त कोणासाठी, हा प्रश्न आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’नं बातमी दिली होती. चाचणीसाठी दिलेल्या रूम्बांनी काढलेले घरातले फोटो, त्यात एक बाई कमोडवर बसलेली, फोटोंवर खुणा करण्याचं काम करणाऱ्या व्हेनेझुएलातल्या लोकांकडून समाजमाध्यमांवर गेले. कंपनीनं सांगितलं की ती विकायची यंत्रं नव्हती, चाचणीची होती आणि लोकांनी संमती दिली होती. असेल. पण फोटो गेले ते गेले. २०२४ मध्ये तर अमेरिकेतल्या काही शहरांत इकोवॅक्स कंपनीचे डीबॉट एक्स-२ हे रोबो झाडू परक्यांनी ताब्यात घेतले आणि त्यांच्याच स्पीकरमधून घरच्यांना शिव्या दिल्या.

आत्या : म्हणजे घरात शिरायला दार लागतंच असं नाही.

दादा : आणि तिथे माझा एकही सेन्सर वाजत नाही.

आत्या : पण मग तू बसवतोस ते कॅमेरे? त्यांचा पासवर्ड काय असतो, ‘ॲडमिन’?

दादा : (हसून) कंपनीकडून येताना असाच काहीतरी असतो, आणि बरेच जण तो तसाच ठेवतात. मी बसवतानाच बदलून देतो. नियम दोघांना एकच. पासवर्ड वेगळा, मोबाईलवर कोड येणारी दुहेरी खात्री चालू, अपडेट वेळेवर, आणि वायफायचं गेस्ट नेटवर्क करून या वस्तू त्यावर. अलार्म आणि झाडू एका ॲपमध्ये तर अजिबात जोडायचे नाहीत. झाडूची किल्ली हरवली तर तिनं घराचं कुलूप उघडता कामा नये.

आत्या : मावशींकडे अठरा वर्षं माझ्या घराची किल्ली आहे. त्यांनाही घराचा नकाशा पाठ आहे, मी कधी नसते तेही माहीत आहे. पण त्या तो नकाशा कुठे पाठवत नाहीत.

दादा : गोट्याचं वेळापत्रकही तेच सांगतं. रोज अकराला केर याचा अर्थ रोज अकराला घरात कोणी नाही. ज्याला ते वाचता आलं त्याला पाळत ठेवायचीही गरज नाही.

आत्यानं कप खाली ठेवला. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसायला लागली.

आत्या : अकोल्याला तुमची आजी कोणी गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढू द्यायची नाही. निघालेला माणूस नीट पोचू दे आधी, म्हणायची. आणि मी काय करत होते? स्वतः गावाला निघाले आणि पाठोपाठ केर काढायला यंत्र लावून चालले होते.

दादा : आजीला पीआयआर कळत नव्हता, पण नियम तोच निघाला.

आत्या : पण केर काढायला तिची ना नव्हती. निघायच्या आधी काढ म्हणायची.

दादा : एवढंच तर मी दोन तास सांगतोय.

आत्या : दोन तास तू ‘काही हलायचं नाही’ म्हणत होतास. ‘आधी काढ’ हे मी म्हटलं.

ठरलं ते असं. हॉलमध्ये ड्युअल सेन्सर. पडदा वर बांधलेला, डॉक समोरच्या भिंतीला, उभा दिवा बेडरूममध्ये. रोज घरात असताना किंवा ‘स्टे’ लावून गोट्या चालेल. घर सोडताना त्याचं काम पुरतं झालं आहे का ते ॲपमध्ये बघायचं, वेळापत्रक पुसायचं आणि बटण दाबून त्याला पूर्ण बंद करायचं. डॉकवर गप्प बसला म्हणजे बंद झाला असं नाही. महिन्याच्या धुळीसाठी खिडक्या घट्ट, सोफ्यावर जुन्या चादरी. आणि खोटा अलार्म झालाच तर झोन बायपास न करता आधी दादाला फोन. ही शेवटची अट आत्यानं स्वतः घातली आणि कॅलेंडरवर लिहिली. ‘तात्पुरता’ हा शब्द न वापरता.

दोघांपैकी कोण बरोबर होतं, असं मला विचाराल तर यंत्रांपुरती आत्या बरोबर होती. नीट बसवलेल्या सेन्सरला रोबो झाडू आणि चोर यांतला फरक बहुतेक वेळा कळतो. माणसांपुरता दादा बरोबर होता. तो फरक न कळण्याचे जे दोन-चार प्रसंग येतात त्यांना कंटाळून आपण जे करतो, तेच घराला महागात पडतं.

गुरुवारी सकाळी गोट्यानं केर काढला, आत्यानं त्याचं बटण बंद केलं, ‘अवे’ लावलं आणि कुलूप घातलं. तुमच्या घरी अलार्म असेल तर आज रात्री तो लावण्याआधी पॅनल एकदा उघडून बघा. एखादा झोन बायपासवर दिसला, तर तो कोणासाठी टाकला होता ते आठवेल न आठवेल. आधी तो चालू करा.